वाळू केव्हा काढावी?

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर घरातली मुले वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात, तेव्हा मुलाच्या वयाप्रमाणे आशीर्वादही बदलत जातात. लहानग्याला आपण ‘मोठा हो’ म्हणतो, शाळेतल्याला ‘पुष्कळ शीक’ म्हणतो, आणि मिसरूड फुटलेल्या मुलाला ‘आता स्वतःच्या पायावर उभा राहा’ असे सांगतो. पहिले दोन आशीर्वाद निव्वळ प्रेमाचे आहेत. तिसऱ्यात प्रेमाबरोबर थोडासा तगादाही असतो. तो मुलाला बरोबर ऐकू येतो, आणि म्हणूनच की काय, तो आशीर्वाद घेऊन उठताना मुलगा आपल्याकडे न पाहता फराळाच्या ताटाकडे पाहत असतो.

हा तगादा न्याय्य आहे की नाही, यावर प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही. हात काढून घ्या, म्हणजे शिकेल. दुसरा पक्ष म्हणतो, ढकललेली सगळीच मुले वर येत नाहीत. जी येत नाहीत त्यांच्या गोष्टी सांगायला कोणी उरत नाही, एवढेच. आमच्या घरात हा वाद गेली काही वर्षे माझ्या पुतण्यावरून चालला होता. माझे थोरले बंधू गेले त्याला बारा वर्षे झाली. वहिनी सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी राहतात. त्यांच्या मुलाने आधी कोंबड्या पाळून पाहिल्या, मग बाजारात मोबाइलचे दुकान घालून पाहिले. दोन्ही धंदे बसले. दोन्ही वेळा वहिनींनी, कोणाला कळू न देता, त्याची देणी भागवली. तिसऱ्या खेपेला त्याने बेकरी काढायचे ठरवले, तेव्हा नातेवाइकांनी वहिनींना बजावले, की आता पुरे. त्याला एकट्याला उभे राहू द्या. वहिनींनी मला फोनवर एवढेच विचारले, “भावजी, मी हात काढून घेऊ का? तुम्हीच सांगा.”

अशा प्रश्नाला पुण्यात बसून उत्तर देणे फार सोपे असते, म्हणूनच ते देऊ नये. मी गावी गेलो. तिथे भट्टी बांधण्याचे काम नुकतेच सुरू होत होते. ते पाहता पाहता या प्रश्नाकडे बघण्याची माझी रीतच पालटली. ती कशी, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचा मुलूख गोव्याच्या सीमेवरचा, त्यामुळे सकाळचा पाव आमच्याकडे नवा नाही. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. गोव्यातला ‘पोदेर’, म्हणजे पाव भाजणारा, हाही तिकडूनच. पूर्वी तिथे पिठाला आंबवण यायला माडाची सूर घालत. पोई, उंडे, बांगडीसारखी गोल काकणे, ही सारी घुमटाच्या भट्टीत भाजून निघत आणि अजूनही काही गावांत निघतात. आता विजेच्या भट्ट्या सर्वत्र झाल्या आहेत, आणि लाकडाच्या धुराचा दोषही खोटा नाही. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने तर मुंबईतल्या लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. पण आमच्या गावात वस्ती विरळ, वीज लहरी आणि काजूचे वाळके लाकूड हाताशी. शिवाय पुतण्याला चव हवी होती ती त्या भट्टीची. तेव्हा गोव्याच्या बाजूने एक म्हातारे मेस्त्री बोलावण्यात आले. भट्ट्या बांधण्यातच त्यांचे आयुष्य गेलेले.

आधी चिऱ्यांचा चौकोनी चौथरा झाला. त्यावर ऊब धरून राहावी म्हणून फुटक्या काचांचा आणि वाळूचा थर, त्यावर विटांची सपाट जमीन. मग मेस्त्रींनी खिळ्याला दोरी बांधून पाच फूट व्यासाचे वर्तुळ आखले आणि त्या वर्तुळात ओली वाळू ओतायला सांगितली. घमेल्यामागून घमेले ओतून, थापीने थोपटून, मधोमध सत्तावीस इंच उंचीचा एक गुळगुळीत ढीग झाला, पालथ्या कढईसारखा. त्यावर भिजवलेली वर्तमानपत्रे पसरली, आणि मग कागदावरून, खालून वर, एकेक फेर करीत विटा बसवल्या. सांध्यांना चिकणमाती आणि वाळू यांचा गारा. सिमेंट नाही, कारण एवढ्या आचेत सिमेंट टिकत नाही, भुगा होतो.

भट्टीच्या दाराची उंची मेस्त्रींनी बोटांनी मोजून सतरा इंच ठेवली. पुढे मी पाहिले, तर जगभर भट्ट्या बांधणारे हेच प्रमाण पाळतात: घुमटाच्या आतल्या उंचीच्या सुमारे 63 टक्के. दार त्याहून उंच केले तर ऊब निसटते, ठेंगणे केले तर धूर आतच कोंडतो आणि जाळ गुदमरतो. एकाच दारातून वरच्या अंगाने धूर बाहेर जावा आणि खालच्या अंगाने वारा आत यावा, अशी ही योजना.

आता या घुमटाचे मर्म पाहा. त्यातली एकही वीट स्वतःच्या पायावर उभी नाही. उलट प्रत्येक वीट आत पडायलाच निघालेली आहे. पण ती पडायला निघते तशी तिची डावी-उजवी शेजारीणही निघते, आणि एका गाडीच्या दारात एकाच वेळी घुसू पाहणारी चार माणसे जशी अडकतात, तशा त्या सगळ्या एकमेकींत अडकतात. आत जायला फेर लहान व्हावा लागेल, आणि लहान व्हायला विटांना जागा नाही. पडण्याची ओढ सगळ्यांना सारखी, म्हणूनच कोणी पडत नाही. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1675 मध्ये हे तत्त्व मांडले: दोन टोकांना धरलेली साखळी जशी झोळ घेऊन लोंबते, तोच आकार उलटा केला तर दगडी कमान उभी राहते. साखळीत प्रत्येक कडी दुसरीला ओढते, कमानीत प्रत्येक दगड दुसऱ्याला रेटतो. दोन्हीकडे सुटे असे कोणी नाही.

कमानीत आणि घुमटात एक मोठा फरक मात्र आहे. कमान शेवटचा दगड बसेपर्यंत उभीच राहू शकत नाही. घुमटाचा विटांचा एक फेर पुरा झाला, की तो फेर त्या क्षणापासून आपला आपण उभा असतो. वर आणखी काही असो वा नसो. रोममधल्या पॅन्थिऑनच्या घुमटाला अगदी माथ्यावर जवळजवळ नऊ मीटर रुंदीचे उघडे भोक आहे, आणि सुमारे एकोणीसशे वर्षे तो घुमट तसाच उभा आहे. म्हणजे माथ्यावरच्या ज्या शेवटच्या विटेला आपण हार घालतो, नारळ फोडतो, तिच्यावाचून घुमटाचे अडत नाही. अडते ते फेर पुरा होण्यावर.

स्वावलंबनाबद्दलची आपली कल्पना इथे मला पहिल्यांदा लंगडी वाटू लागली. आपण मुलाला एकट्याने उभे राहायला सांगतो, आणि जगात एकट्याने उभे असे काही नसते. ज्याला आपण स्वतःच्या पायावर उभा असलेला गृहस्थ म्हणतो, त्याच्याकडे जरा निरखून पाहावे. त्याला उधार देणारा वाणी आहे, त्याच्याकडून उधार नेणारे गिऱ्हाईक आहे, आजारी पडल्यास दुकान उघडणारा गडी आहे, आणि त्या गड्याच्या पोराची फी भरण्यासाठी त्याच्यावर विसंबलेले एक घर आहे. तो स्वतः उभा आहे याचा अर्थ एवढाच, की त्याचा फेर पुरा झाला आहे. तो ज्यांना रेटतो ते त्यालाही रेटतात. आईच्या आधारावर उभ्या असलेल्या मुलाचे दुखणे आधार घेण्यात नसते. त्याच्यावर कोणी टेकलेले नसते, हे खरे दुखणे. तो घेतो तेवढाच भार असतो, देत कोणालाच नाही.

फेर पुरा होईपर्यंत मात्र वाळू लागतेच, आणि हे हात काढून घ्या म्हणणाऱ्या पक्षाने विसरू नये. इटलीत फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवर सुमारे 45 मीटर रुंदीचा घुमट चढवायचा होता, तेव्हा एवढा मोठा आधार आणावा कुठून, हा प्रश्न पडला. सोळाव्या शतकात वासारीने लिहिलेल्या कलावंतांच्या चरित्रांत एक गमतीची हकिगत आहे. कोणी सुचवले म्हणे, की सारे देऊळ मातीने भरून काढावे आणि मातीत पैसे मिसळावेत; त्यावर घुमट बांधला, की गावचे गरीब लोक पैशांसाठी माती फुकट उपसून नेतील! ब्रुनेलेस्कीने ते ऐकले नाही. 1420 ते 1436 या काळात, जमिनीपासून लाकडी साचा उभा न करता, एकेक फेर पुरा करीत त्याने तो घुमट उभारला. पण मातीत पैसे मिसळायला सांगणारा मनुष्य मला खुळा वाटत नाही. आधार ठेवताना तो निघणार कसा, याचा विचार त्याने आधीच केला होता. आपण मुलांना आधार देतो तेव्हा एवढाही विचार करीत नाही.

आमच्या मेस्त्रींनी तो केला होता. भिजलेला कागद त्यासाठीच. मी विचारले, तेव्हा म्हणाले, “वाळू इटेक चिकटाची नाय.” आधार आधाराच्या जागी, वीट विटेच्या जागी, मध्ये एक पातळ पापुद्रा हवा. नाही तर वाळू काढताना गाराही निघून येतो. प्रेमाच्या माणसांत हा कागद ठेवणे फार अवघड असते. मुलाला दिलेले पैसे त्याच्या मनाला चिकटतात, आणि देणाऱ्याच्या मनाला त्याहून जास्त. मग पुढे हात काढून घेणे म्हणजे दोन्हीकडची कातडी सोलणे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्रींनी गाऱ्यात अंगठा दाबून पाहिला आणि वाळू काढायला सांगितले. पुतण्या चाचरत होता. त्याला वाटत होते, आणखी आठ दिवस राहू द्यावी, मजबूत होईल. मेस्त्रींनी मान हलवली. माती वाळताना आकसते. आत वाळूचा घट्ट ढीग असला तर तिला आकसायला जागा मिळत नाही, आणि ती तडकते. फार लवकर काढली तर घुमट बसतो, फार उशीर केला तर ज्याने धरून ठेवले त्याच्याच अंगावर तो फुटतो. मग ते जे बोलले ते वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या: “वाळू आत रवली तर ती भट्टी नाय, ढीग.”

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. त्याचा साधा अर्थच सर्वांत खोल आहे. वाळूचा ढीग जी जागा अडवून बसलेला असतो, तीच जागा उद्याच्या जाळाची आणि पावाची असते. आधार आत आहे तोवर भट्टी पेटवता येत नाही. वहिनींनी आजवर केले ते हेच होते. मुलाच्या सावकाराचा फोन आला की त्याच्या आधी त्या घेत. घाऊक दुकानदाराचे बिल त्याने उघडण्याआधी त्या भागवत. त्यामुळे देणे म्हणजे काय, मुदत मागताना जीभ कशी जड होते, शब्द पाळला की पुढच्या महिन्यात तोच माणूस कसा हसून बोलतो, यांतले काहीच त्याच्या वाट्याला आले नव्हते. त्याच्या कर्तृत्वाची जागा आईच्या मायेने भरून गेली होती. माया खोटी नव्हती. जागा चुकली होती.

मग काय, हात काढून घ्यायचा? इथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, की पहिला पक्ष जिंकला. मलाही त्या सकाळी तसेच वाटले. पण भट्टी अजून पुरी झाली नव्हती.

वाळू निघाली, घुमट राहिला. पण त्याचा भार कुठे नाहीसा झाला नव्हता. तो बाहेरच्या बाजूला वळला होता. घुमट नेहमी बाहेर रेटतो, आणि ठेंगणा असला तर अधिक. घुमट उंच केला तर भिंतींना सोपे जाते, पण ऊब पावापासून लांब राहते. पाव नीट भाजायचा तर घुमट ठेंगणा हवा आणि रेटा सोसायला बाहेर कोणीतरी हवे. विजापूरच्या गोल घुमटात हा रेटा तोलायला आत झुकलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या कमानी आहेत. रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाला 1590 मध्ये पुरा झाल्यावर दीडएकशे वर्षांत तडे वाढलेले दिसले, तेव्हा 1740 च्या दशकात त्याला बाहेरून आणखी लोखंडी कडी आवळावी लागली. मोठमोठ्या घुमटांची ही कथा, मग आमच्या पाच फुटी भट्टीचे काय!

मेस्त्रींनी घुमटाभोवती चारही बाजूंनी चिऱ्यांची भिंत उभी केली. भिंत आणि घुमट यांच्यामध्ये पोकळी राहिली होती. अंगणात आतून काढलेल्या वाळूचा ढीग पडला होता. त्यांनी तीच वाळू, तीच घमेली भरून, त्या पोकळीत ओतायला लावली. घुमट वाळूत माथ्यापर्यंत बुडाला. काल जी आतून तोलत होती, ती आज बाहेरून रेटा सोसू लागली. आणि शिवाय भट्टीची ऊब धरून ठेवू लागली, हा वरचा नफा. वाळूचा एक कणही वाया गेला नाही. फक्त ती आतून बाहेर आली.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले. आधार द्यावा की काढावा, हा आमच्या दोन्ही पक्षांचा वाद चुकीच्या जागी चालला होता. खरा प्रश्न आधार कुठे असावा हा आहे. मुलाच्या कामाच्या जागेत बसलेला आधार, कितीही मायेचा असो, वेळेवर निघाला पाहिजे. त्याच्या भोवती उभा राहणारा आधार मात्र काढायचा नसतो. किंबहुना तो उभा राहतो तेव्हाच त्या आधाराची खरी गरज सुरू होते. पहिला आधार मुलाऐवजी काम करतो. दुसरा मुलाच्या कामाचा ताण सोसतो. घर, दोन वेळचे जेवण, रात्री उशिरा आल्यावर “काय झाले?” असे न विचारता पुढे केलेला चहा, ही बाहेरची वाळू आहे.

मी वहिनींना एवढेच सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढे एका महिन्यात मैद्याच्या व्यापाऱ्याचे पैसे थकले. पैसे वहिनींच्या कपाटात होते, आणि ते तिथे आहेत हे दोघांनाही ठाऊक होते. त्यांनी ते काढले नाहीत. पुतण्या स्वतः व्यापाऱ्याकडे गेला आणि आठ दिवसांची मुदत मागून आला. व्यापाऱ्याने दहा बोल सुनावले आणि मुदत दिली. वहिनी मला नंतर म्हणाल्या, “भावजी, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दिले असते तर शांत झोपले असते.” आधार काढून घेणे म्हणजे निष्ठुरपणा, असे ज्यांना वाटते त्यांनी हे वाक्य ऐकायला हवे होते. देणे हा पुष्कळदा आपल्याच झोपेचा उपाय असतो. न देता जवळ राहणे हे काम अधिक अवघड आहे.

पण या विचाराला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. सगळी माणसे घुमट नसतात. म्हातारपणाने वाकलेली भिंत, जन्मापासून एका बाजूला कललेले झाड, आजाराने खचलेला मनुष्य, यांना लावलेला टेकू कधीच काढायचा नसतो. तो टेकू हाच त्यांच्या उभे राहण्याचा भाग आहे. त्यांनाही कोणी स्वावलंबनाचा उपदेश करू लागले, तर तो उपदेश आपल्या गाठीचा पैसा वाचवण्यासाठी चालला आहे असे खुशाल समजावे. आणि समाजात तर आणखी एक लबाडी चालते. बाहेरची भिंत पाडायची आणि आपण वाळू काढली असे म्हणायचे. शाळा, दवाखाना, धान्याचे दुकान, पडत्या काळात मिळणारे सोपे कर्ज, ही कोणाच्या कामाच्या जागेत बसलेली वाळू नव्हे. ती भोवतालची भिंत आहे. ती काढली, तर आतला घुमट कितीही कुशलतेने बांधलेला असो, तो बाजूंनी उलेल. मग आपण विटांना दोष देऊ.

तेव्हा हात काढण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. याचा फेर पुरा झाला आहे का, म्हणजे याच्यावर कोणी टेकले आहे का, आणि याच्या बाजूला कोणी आहे का? आणि दुसरे, माझा हात याच्या जागेत आहे की याच्या भोवती? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर पुढचे अंगठ्याने दाबून ठरवावे लागते. गाऱ्याची ओल पुस्तकात लिहून ठेवलेली नसते.

भट्टी आता रोज पेटते. पहाटे आत काजूचे लाकूड धडधडते, घुमट आधी काजळीने काळा होतो, आणि ऊब पुरेशी चढली की काजळी जळून जाऊन विटा पुन्हा उजळतात. भट्टी तयार झाल्याची तीच खूण. मग निखारे ओढून बाहेर काढतात, ओल्या फडक्याने जमीन पुसतात आणि पाव आत सोडतात. पाव भाजताना आत जाळ नसतोच; विटांनी आणि त्यांच्यामागच्या वाळूने धरून ठेवलेली ऊब असते. ती वाळू आता कोणाला दिसत नाही. पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण पुतण्याचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. यंदा त्याच्याकडे गावातली दोन मुले कामाला लागली आहेत. त्यांतला एक फार चुका करतो, आणि पुतण्या त्या निमूटपणे निस्तरतो, असे वहिनी सांगत होत्या. त्याची वाळू केव्हा काढावी, हे आता त्याला ठरवायचे आहे.